किल्ली देण्याआधी

प्रिय,

नोकरी बदलतेय, भाडेकरार संपायला पाच महिने आहेत आणि घर त्याआधीच सोडायचंय हे घरमालकांना सांगायचं कसं, या काळजीत तू आहेस. फोन आज करू नकोस. आधी कपाटातला करार काढ आणि त्यातली मुदत, लॉक-इन (म्हणजे ज्या ठरलेल्या काळात घर सोडायचं नसतं तो) आणि नोटीस ही कलमं पेन्सिल घेऊन वाच.

लॉक-इन संपला असेल तर ठरलेली नोटीस देऊन बाहेर पडता येतं. चालू असेल तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं ते मागू शकतात. नोटिशीचा महिना कुठून मोजायचा, तेही बघ. काही करारांत ती मालकांना मिळाल्या दिवसापासून मोजतात, काहींत पुढच्या भाड्याच्या तारखेपासून. दुसऱ्या प्रकारात एक तारीख हुकवून दोनला नोटीस दिलीस, तर एका महिन्याच्या नोटिशीसाठी जवळजवळ दोन महिन्यांचं भाडं जातं.

मधेच सोडण्याचं कलमच नसेल, तर मामला बोलणीचा. बऱ्याच मालकांना तुझ्या जाण्यापेक्षा घर रिकामं पडण्याची धास्ती असते. म्हणून फोनवर नुसतं ‘मला जायचंय’ म्हणू नकोस. कधी जाणार ते सांग, घर दाखवायला वेळ दे, ओळखीतलं कुणी चांगलं असेल तर सुचव. पसंती मात्र त्यांची. परस्पर कुणाला आणून बसवलंस तर तो पोटभाडेकरू ठरेल, आणि बहुतेक करारांत त्याला मनाई असते. शिवाय तुझा करार लेखी रद्द झाला नाही, तर त्या माणसाने थकवलेलं भाडंही तुझ्याकडेच मागतील. बोलणं झालं की त्याच दिवशी ठरलेलं सगळं ईमेलने कळव आणि उत्तर घे.

‘शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा’ असं म्हणण्याचा मोह होईल. त्यांनी लेखी हो म्हटल्याशिवाय भाडं थांबवू नकोस. ती थकबाकी धरली जाते.

आता माझा मूर्खपणा. एकदा घाईत किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून मी निघून गेलो. मालक म्हणाले, ताबा मिळालाच नाही, आणि पुढच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं. भांडायला माझ्याकडे चिठ्ठीसुद्धा नव्हती. तेव्हापासून मी रिकाम्या घरात मालकांसोबत फिरतो. मीटरच्या आकड्याचा फोटो, सिंकखालच्या कपाटाचा फोटो, भिंतींचे फोटो. मग साध्या कागदावर: ‘आज घराचा ताबा व तीन किल्ल्या मिळाल्या. डिपॉझिटपैकी अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत देणे आहे.’ खाली सही. मालक हसले तरी चालेल, सही घ्यायचीच.

कापाकापीवरून वाद होईलच. रंग फिका पडणं ही वापराची झीज. दाराला पडलेलं भोक हे नुकसान. झिजेचे पैसे सहसा भाडेकरूकडून घेत नाहीत, पण करारात रंगकामाचं वेगळं कलम आहे का, ते बघून मगच भांड.

आणि करारावर तुझ्यासोबत आणखी कुणाचं नाव असेल, तर आधी त्यांच्याशी बोल. तू एकट्याने बाहेर पडल्यावर भाड्याचं काय, हा प्रश्न त्यांच्याही गळ्यात येतो.

लॉक-इन कोणत्या तारखेला संपतो ते मला आज रात्री कळव. नोटिशीचा मजकूर त्यानंतर लिहू.

तुझा,
दादा