अर्धवट शिजलेलं मांस खाल्लं, स्टूल टेस्ट नॉर्मल आली; तरी जंताची गोळी घ्यावी का?

डुकराचं मांस आतून कच्चट राहिलं होतं, ते खाऊन दहा दिवस झाले, पोट अधूनमधून दुखतं आणि स्टूल टेस्टमध्ये काही निघालं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, म्हणून आधी त्या रिपोर्टबद्दल बोलतो. दहाव्या दिवशी त्यात टेपवर्म (आतड्यात राहणारा फितीसारखा लांब जंत) सापडणं शक्यच नव्हतं. मांसातली अळी आतड्याला चिकटून पूर्ण वाढायला आणि तिचे तुकडे किंवा अंडी शौचातून पडायला दोन ते तीन महिने लागतात. त्यानंतरही अंडी रोज पडतात असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यावे लागतात. मधल्या काळात पांढरा, चपटा, कधीकधी वळवळणारा तुकडा दिसला, तर किळस बाजूला ठेवून तो डबीत घालून लॅबमध्ये द्या. डुकराच्या आणि गाईच्या मांसातल्या टेपवर्मची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. जात ओळखता येते ती तुकड्यावरून.

सध्या मला जास्त विचार करावासा वाटतो तो ट्रायकिनेलाचा, म्हणजे कच्चट मांसातून येणाऱ्या दुसऱ्या एका बारीक जंताचा. याची तपासणी शौचातून होत नाही. सुरुवातीला पोट बिघडतं, मग अळ्या रक्तातून स्नायूंत जातात आणि दुसऱ्या आठवड्यापासून पुढे ताप, अंगदुखी, डोळ्यांभोवती सूज अशी लक्षणं दिसू लागतात. अशा वेळी सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या तपासणीत) इओसिनोफिल, म्हणजे जंतांमुळे वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेले आहेत का आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलंय का, हे पाहतात. अँटिबॉडी टेस्टही असते, पण ती पॉझिटिव्ह यायला बहुधा तीन आठवडे तरी लागतात. आज निगेटिव्ह आली, तर पुन्हा करावी लागेल.

आता गोळीचं. दुकानातून आणून एकदा घेतलेली अल्बेंडाझोलची गोळी ट्रायकिनेलाला पुरत नाही. त्यासाठी मोठ्या माणसाला सहसा ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ८ ते १४ दिवस देतात. आजार तीव्र असेल तर सोबत स्टिरॉइड. अळ्या स्नायूंत रुतून बसल्या की औषधाचा उपयोग कमी होतो, म्हणून लक्षणं असतील तर उशीर नको. टेपवर्मचं तुलनेने सोपं: प्राझिक्वांटेल, वजनाच्या दर किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, एकच डोस. पण पूर्वी कधी फिट आली असेल किंवा सतत डोकं दुखत असेल, तर तो डोस घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. मेंदूत टेपवर्मच्या अळ्यांच्या गाठी असतील तर या औषधाने तिथे सूज येऊन फिट येऊ शकते.

आणि हो, 'डुकराचं मांस खाल्लं की मेंदूत जंत होतात' हे सर्रास ऐकू येतं, ते तसं नाही. मांसातून आतड्यातला टेपवर्म होतो. मेंदूतल्या गाठी होतात त्याची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी टेपवर्म असलेल्या माणसाच्या शौचातून येतात. म्हणून घरात एकाला टेपवर्म निघाला, तर शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुण्याला औषधाइतकंच महत्त्व आहे.

घरात कोणी गरोदर असेल आणि तिनेही ते मांस खाल्लं असेल, तर टोक्सोप्लाझ्माची (कच्च्या मांसातून येणाऱ्या, गर्भाला धोकादायक परजीवीची) रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करा. तिने स्वतःच्या मनाने जंताची गोळी मुळीच घेऊ नये.

तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा कोणतं मांस, कोणत्या तारखेला खाल्लं आणि अजून कोणी खाल्लं, हे आपणहून सांगा. कुठली टेस्ट कधी करायची ते त्यावरच ठरतं. ताप, अंगदुखी किंवा डोळ्यांवर सूज असेल तर आजच जा. काहीच त्रास उरला नसेल, तर तीन महिन्यांनी स्टूल टेस्ट पुन्हा करण्याबद्दल विचारा. उरलेलं मांस फ्रीजरमध्ये असेल, तर शिजवताना थर्मामीटर वापरा: अखंड तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअस आणि नंतर तीन मिनिटं तसाच ठेवलेला, खिमा ७१ अंश.