दुसऱ्यासाठी क्षमा मागताना

बाळा, परवा प्रार्थनेत तू शेजारच्या काकांच्या दारूचा पाढाच वाचलास. देवाला ते ठाऊक होतं, प्रार्थनेला जमलेल्या बायकांना नव्हतं. आता रविवारपर्यंत सगळ्या चाळीला कळेल. मध्यस्थीत, म्हणजे दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना, नाव घ्यावं, तपशील पोटात ठेवावा.

म्हणून पापावर सोलापुरी चादर टाकायची असंही नाही हं. बायबलातलं निर्गम 32 उघड. लोकांनी सोन्याचं वासरू करून पूजल्यावर त्यांचा पुढारी मोशे देवापुढे आधी कबूल करतो की लोकांनी घोर पाप केलंय. मग क्षमा मागतो, आणि ती नसेल तर तुझ्या पुस्तकातून मलाही खोड म्हणतो. तो देवाशेजारी बसून बोट दाखवत नाही, लोकांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मला हे कळायला फार वर्षं गेली. 'त्याला क्षमा कर' ऐवजी 'आम्हाला' म्हणून बघ, जीभ आपोआप नरम येते.

देवाशी घासाघीस करायला लाजू नकोस. सदोम हे पापी शहर वाचावं म्हणून अब्राहाम 50 नीतिमानांवरून 10 वर आला, मंगळवार बाजारात भाजी घेतल्यासारखा.

प्रार्थनेला पहाटेच बस, इथल्या मे महिन्यात दुपारी डोळे मिटले की झोपच. आणि काका दारात भेटले तर प्रार्थनेचं काही बोलू नकोस. वाटीभर शेंगाचटणी दे.