शाळेत मुलं सारखी आजारी पडतात. वर्गात सॅनिटायझर ठेवलंय, तेवढं पुरे का?

मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला, दर महिन्याला सर्दी नाहीतर जुलाब, आणि शाळेनं वर्गात सॅनिटायझर ठेवलंय. तेवढ्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी अशाच शाळेत शिकवते. नाही भागत.

मैदानातून आलेल्या मातकट हातांवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग नाही. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस त्याला दाद देत नाही, जंतांची अंडी तर नाहीच नाही. जंतनाशक दिनाला शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात, पण नखांत माती तशीच ठेवून मूल खिचडीला बसलं की जंत परत होतात. साबण लावून चोळून धुतलं की ही सगळी घाण पाण्याबरोबर निघून जाते.

खरी अडचण असते ती खिचडीच्या सुट्टीत. घंटा झाली की मुलं ताटली घेऊन पळतात, नळ दोन, मागून ढकलाढकली. हात नुसते ओले होतात. म्हणून हात धुवायची घंटा दहा मिनिटं आधी हवी आणि एकेक वर्ग सोडायला हवा. साबणाची वडी नळापाशी ठेवली तर दुपारपर्यंत चिखलात जाते. आम्ही पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडी धुण्याची पावडर घालून पाणी भरतो, झाकणाला तापलेल्या खिळ्यानं भोक पाडतो आणि बाटली सुतळीनं नळाच्या पाइपला बांधतो. दाबली की हातावर पिचकारी येते, पोरांना मजा वाटते. बेचा पाढा सावकाश दोनदा म्हणेपर्यंत चोळायचं: तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. शौचालयाबाहेरही अशीच एक बाटली हवी, आणि पिण्याच्या पाण्यात ग्लास बुडवण्याऐवजी ओगराळं.

सर्दी मात्र हवेतूनही पसरते, ती नुसत्या हात धुण्यानं थांबणार नाही. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, शिंकताना कोपर तोंडावर धरायचं.

आणि आजारी मुलाला घरी ठेवा. 2023 च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ आली तेव्हा शाळकरी मुलंच मोठ्या संख्येनं सापडली होती. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, जुलाब असतील तर थांबल्यावर आणखी दोन दिवस मूल शाळेत नको. शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस मला म्हणूनच मुळीच पटत नाही; त्यापायी तापातलं लेकरूसुद्धा बाकावर येऊन बसतं.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा अभियानातून येणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी वापरायचे असतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमच्या ओळखीतलं कुणी त्यात असेलच. त्यांच्यामार्फत साबण, नळ आणि आधीची घंटा हे तीन विषय पुढच्या बैठकीत लेखी मांडा. मुख्याध्यापकांनाही असा ठराव हातात असला की खर्च टाकणं सोपं जातं.