पान काय आंबा आहे?

प्रिय चिऊ,

रविवारी आजी फोनवर म्हणाली, "आम्ही काय, पिकली पानं!" फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "बाबा, पान कसं पिकेल? ते काय आंबा आहे?" तेवढ्यात दूध उतू गेलं आणि उत्तर राहिलं. उद्या मला पहाटेच निघायचंय, म्हणून लिहून ठेवतोय.

आपल्याकडे आंबा पिकतो, शेत पिकतं, केससुद्धा पिकतात. पिवळ्या पानाला कुणी सडलेलं म्हणत नाही. जुन्या माणसांनी नुसता रंग पाहिला असणार, पेशीतलं त्यांना कुठून कळणार? पण शब्द नेमका लागलाय.

आज अंगणातल्या मेपलचं एक पान उचललं. कडा पिवळ्याधमक, शिरांच्या दोन्ही अंगांना मात्र अजून हिरवी रेघ. शिरा म्हणजे माल बाहेर न्यायची वाट. ती शेवटपर्यंत चालू ठेवावी लागते. माल म्हणजे मुख्यतः नत्र, अर्थात नायट्रोजन. पानातलं ७० ते ८० टक्के नत्र हरितलवकांत, म्हणजे पेशीतल्या अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणांत असतं, त्यातलं बरंचसं रुबिस्को नावाच्या एकाच प्रथिनात. पान जून झालं की पेशी हरितलवकाचे तुकडे बारीक पिशव्यांत भरते आणि रिक्तिकेत, म्हणजे आपल्या मोठ्या कोठीत, नेऊन विरघळवते. कधी अख्खं लवकच आत ढकलते. मोकळं झालेलं नत्र फांदीच्या सालीत, मुळांत साठतं आणि वसंतात नव्या पालवीला मिळतं.

हरितद्रव्याशी मात्र जपून वागावं लागतं. प्रथिनापासून सुटलं की ते उन्हात पेशीलाच जाळतं. म्हणून आधी त्यातलं मॅग्नेशियम काढायचं, मग त्याच्या रेणूचं कडं तोडायचं आणि रंग गेलेला चोथा कोठीत टाकायचा. त्यातलं नत्र परत घ्यायच्या भानगडीत झाड पडतच नाही! मेंडेलचे वाटाणे शाळेत झालेत ना? त्यातल्या हिरव्या वाटाण्यांत हे मॅग्नेशियम काढणारं जनुकच बिघडलेलं होतं, म्हणून ते पिकूनही हिरवेच राहिले.

पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. लाल नव्याने तयार होतो. त्याचं पुन्हा कधीतरी.

गव्हाचंही असंच. पानं पिवळी पडत जातात तसं त्यांतलं नत्र दाण्यात उतरतं. पीक आणि पिकणं हे शब्द उगाच सख्खे नाहीत.

मेपलचं पान तुझ्या गणिताच्या वहीत ठेवलंय. खिडकीशी उजेडात धरून शिरा बघ, आणि आजीलाही व्हिडिओ कॉलवर दाखव.

तुझा,
बाबा