गिटार वाजवत गाताय? मग एकत्रच रेकॉर्ड करा

प्रश्न (सांगलीहून) : मी ॲकूस्टिक गिटार वाजवत स्वतःच्याच चाली गातो. दोन इनपुटचं इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आहे, एक कंडेन्सर माइक (बारकावे टिपणारा, वीज लागणारा) आणि एक शूअर एसएम ५८ हा गाण्याचा माइक. आधी गिटार आणि मग आवाज असं वेगवेगळं घेतलं तर साफ येतं, पण गाण्यातला जीवच जातो. दोन्ही एकत्र घेतलं तर गाण्याच्या माइकमध्ये गिटार घुसते, मग आवाजाला इक्यू लावला (म्हणजे त्यातला बास-ट्रेबल कमीजास्त केला) की गिटारही बदलते. काय करू?

उत्तर : एकत्रच घ्या. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, वेगळं घेतलं की जीव जातो हे तुमच्या कानाला कळलंय, त्याच्यावर विश्वास ठेवा. वाजवत गाणारा माणूस ओळीच्या शेवटी श्वास घेताना हात जरासा थांबवतो, शब्दावर जोर द्यायचा असला की स्ट्रमिंग आपोआप हलकं करतो, ही देवाणघेवाण कानात क्लिकचा ठेका लावून आधी नुसती गिटार वाजवताना होतच नाही, आणि नंतर मिक्समध्ये ती आणायची म्हटलं तरी येत नाही. त्यामुळे गिटार आवाजाच्या माइकमध्ये येणारच हे धरून चालायचं, फक्त ती कमी यावी आणि जेवढी येईल तेवढी चांगली यावी एवढं बघायचं.

तुमचे दोन्ही माइक बहुतेक कार्डिऑइड असतील, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकणारे (५८ तर आहेच, कंडेन्सरला पॅटर्न बदलायचं बटण असेल तर ते तपासा). ही पाठ कामाला लावायची. ५८ हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून साधारण ८-१० सेंटिमीटरवर घ्या आणि खालून वर तोंडाकडे रोखा, म्हणजे त्याची पाठ गिटारकडे जाते. कंडेन्सर गिटारच्या बाराव्या फ्रेटसमोर २०-२५ सेंटिमीटरवर, आणि वरून खाली झुकवलेला, म्हणजे त्याची पाठ तोंडाकडे. साउंडहोलच्या (गिटारच्या गोल भोकाच्या) थेट समोर मात्र ठेवू नका, तिथून जो गुबगुबीत बास येतो तो नंतर कितीही कापला तरी गिटार फुगलेलीच वाटते. गिटारपासून तिचा माइक जितका लांब आहे त्याच्या तिप्पट तरी अंतरावर गाण्याचा माइक असावा असा एक जुना ठोकताळा आहे, २० सेंटिमीटर असेल तर ६०, बसून वाजवताना एवढं अंतर सहसा मिळतं.

आणि एक गोष्ट जिच्याकडे कोणीच लक्ष देत नाही, गाताना मान खाली घालून डाव्या हाताच्या बोटांकडे बघू नका! तसं बघत गायलं की आवाज सरळ गिटारच्या माइकमध्ये जातो आणि गाण्याच्या माइकला उरतं ते फक्त कपाळ. कॉर्ड बदलताना नजर जातच असेल तर तेवढी जागा आधी वीसदा वाजवून घ्या, बोटं सरावली की मान आपोआप वर राहते.

फॅन्टम पॉवरची (इंटरफेसमधून कंडेन्सरला जाणाऱ्या विजेची) काळजी करू नका, बऱ्याच छोट्या इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण दोन्ही इनपुटला एकच असतं, पण नीट एक्सएलआर केबलवर (माइकच्या तीन पिनांच्या केबलवर) असलेल्या ५८ ला त्याने काही होत नाही. लेव्हल लावताना गाण्यातला सगळ्यात मोठा भाग पूर्ण जोरात गा-वाजवा आणि टोकं उणे १० ते उणे १२ डीबीच्या आसपास राहतील असं गेन (इनपुटची पातळी) ठेवा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर यापेक्षा वर ढकलायची अजिबात गरज नाही.

आता फेज, म्हणजे दोन माइकमधल्या लहरी एकमेकींशी जुळतात की नाही. गिटारचा आवाज तिच्या माइकला आधी पोचतो आणि गाण्याच्या माइकला जरा उशिरा, आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो त्यावरून हिशोब करा. हे दोन्ही मिसळले की काही स्वर पोकळ होतात. एक छोटा तुकडा रेकॉर्ड करा, दोन्ही ट्रॅक सोबत वाजवा आणि एका ट्रॅकचं पोलॅरिटीचं (लहर उलटी करायचं) बटण उलटसुलट करून ऐका, ज्यात जाड तारा भरीव वाटतील ते ठेवा. ट्रॅक पुढेमागे सरकवायचा मोह होईल पण तो टाळा, कारण गिटार जुळवायला सरकवलं की गिटारच्या माइकमध्ये आलेला तुमचा आवाज आणखी लांब जातो. त्यापेक्षा माइकच चार-पाच सेंटिमीटर हलवा आणि परत ऐका, हा अर्धा तास जो जातो तोच खरा मिक्सिंगचा वेळ आहे असं मी मानतो.

एवढं झालं की मिक्समध्ये करायला फार काही उरत नाही. एकेक ट्रॅक सोलो (एकटाच वाजवत) करून त्यावर घासत बसू नका, दोन्ही फेडर वर घ्या आणि जे ऐकू येतं त्याला एकच आवाज समजा. गाण्याच्या ट्रॅकला ८०-१०० हर्ट्झच्या खाली हायपास (खालचे स्वर कापणारा फिल्टर), गिटारला ७० च्या आसपास (सगळ्यात जाड ई तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा आहे, तो कापला जाऊ नये), आणि गिटार अजूनही घुमत असेल तर १०० ते २०० मध्ये शोधून दोन-तीन डीबी कमी. काँप्रेसर (मोठे आवाज दाबणारं साधन) हलका, २:१ किंवा ३:१, किती दाबलं ते दाखवणारा काटा तीन-चार डीबीच्या पलीकडे जाऊ देऊ नका, कारण जास्त दाबलं की तुम्ही गायचं थांबलात की लगेच त्या माइकमधली गिटार वर उसळते. शब्द बुडत असतील तर तेवढ्या जागी फेडरच्या ऑटोमेशनने (फेडर ठरलेल्या जागी आपोआप हलवून) आवाज उचला, वेळ जातो पण कानाला कळत नाही. गेट (हळू आवाज आला की ट्रॅक बंद करणारं साधन) लावू नका. दोन्ही ट्रॅक पॅनमध्ये (डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये) मधेच ठेवा, गिटार डावीकडे नेली तर गाण्याच्या माइकमधली गिटार मधेच राहते आणि ती दोन ठिकाणाहून वाजल्यासारखी वाटते. रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) एकच, छोट्या खोलीचा, आणि दोघांनाही तोच, म्हणजे माणूस आणि गिटार एकाच जागी बसलेत असं वाटतं.

प्रश्न (ठाण्याहून) : आमच्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड केलं की आवाज डब्यात बसून गायल्यासारखा येतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले, तरी फरक नाही.

उत्तर : ट्रे काढून टाका, पातळ पुठ्ठा फार तर अगदी वरचा चुरचुरीतपणा थोडा शोषतो, डब्याचा जो आवाज आहे तो त्याच्या बराच खाली असतो. त्याला जाडी लागते. कापसाची गादी, दोन-तीन जाड रजया, गच्च भरलेलं कपड्यांचं उघडं कपाट, हे सगळं घरात असतंच. लोक हे माइकच्या मागे लावतात, पण कार्डिऑइड माइक बघतो तुमच्या दिशेला, म्हणून पहिली गादी तुमच्या पाठीमागे उभी करा, मग बाजूला, आणि जमलं तर डोक्यावर काहीतरी, कारण फ्लॅटचं छत ठेंगणं असतं आणि तिथून आवाज लगेच परत येतो. खोलीच्या बरोबर मध्ये बसू नका आणि कोपऱ्यातही नको. पंखा बंद, शक्य असेल तर फ्रीजही तेवढ्यापुरता (परत चालू करायची आठवण म्हणून मोबाइलला अलार्म लावा), आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर सुरुवात करा.

प, फ, भ वर माइकमध्ये भप्प होत असेल तर पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी) लावा आणि माइक तोंडाच्या नेमका समोर न ठेवता जरासा बाजूला घ्या, हवेचा झोत समोर जातो, आवाज सगळीकडे जातो.

प्रश्न (बडोद्याहून) : माझ्या गिटारला पिकअप (तारांची कंपनं थेट केबलमध्ये पाठवणारं उपकरण) आहे. माइकऐवजी थेट लाइन घेतली तर चालेल का?

उत्तर : एकट्या लाइनवर नको. ब्रिजखालच्या पिएझो पिकअपला लाकूड आणि खोली ऐकू येत नाही, तार प्लॅस्टिकसारखी टणटण वाजते. पण त्यात गाण्याचा आवाज जवळपास येत नाही हा मोठा फायदा, म्हणून तिसरं इनपुट असेल तर लाइनही घेऊन ठेवा आणि मिक्समध्ये माइकच्या खाली थोडीशी मिसळा. लाइन माइकच्या किंचित आधी पोचते, तेव्हा इथे मात्र तिला अर्धा-एक मिलिसेकंद उशिरा सरकवलेलं चालतं, त्यात तुमचा आवाज नसल्याने काही बिघडत नाही. रेकॉर्डिंगच्या एक-दोन दिवस आधी तारा नव्या घाला. त्याच दिवशी घातल्या तर त्या ताणत राहतात आणि दर टेकनंतर ट्यून करत बसावं लागतं.

प्रश्न (नाशिकहून) : यूट्यूबवर टाकल्यावर माझं गाणं इतरांपेक्षा बारीक वाटतं. लिमिटर (आवाजाला वरची मर्यादा घालणारं साधन) किती मारू?

उत्तर : थोडासाच. यूट्यूब मोठ्या आवाजाची गाणी साधारण उणे १४ लफ्सपर्यंत (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) खाली आणतं, बारीक असलेलं मात्र वर उचलत नाही. तेव्हा मिक्स उणे १४ च्या आसपास आणा, ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका, आणि तिथपर्यंत पोचताना लिमिटर सतत तीन डीबीपेक्षा जास्त दाबत असेल तर मिक्समध्ये परत जाऊन कुठला स्ट्रम एकटाच उडी मारतोय ते शोधा आणि तो हाताने खाली घ्या.