आधी बॉयलरपाशी उभा राहा

मिलच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब लॅपटॉपवरून नको, बॉयलर हाऊसपासून सुरू कर. रद्दीपासून डुप्लेक्स बोर्ड (खोक्यांचा जाड पुठ्ठा) करणाऱ्या, कोळशावर चालणाऱ्या मिलमध्ये मोठा वाटा तिथलाच असतो. कोळसा खरेदीच्या बिलावरून धरू नकोस. रोज बंकरमध्ये (बॉयलरच्या कोळसा कोठीत) किती गेला त्याचं वजन घे, ओलावा आणि उष्मांक लॅबकडून घे. पावसाळ्यातल्या ओल्या कोळशाने माझं पहिलं वर्ष पार फसवलं होतं. वीज सोपी आहे: ग्रिडच्या युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. एकूण उत्सर्जनाला भागायचं मात्र विक्रीयोग्य बोर्डाच्या टनांनीच. ब्रोक (वाया गेलेला बोर्ड) पल्परमध्ये, म्हणजे लगदा करायच्या यंत्रात, परत गेला तरी त्यावर खर्च झालेली वाफ परत येत नाही.

कपात म्हटलं की सगळे सोलरकडे धावतात (साहेबांना फोटोही मिळतो). तू प्रेस बघ, म्हणजे ओला बोर्ड दाबून पाणी काढणारे रोलर. प्रेसमधून निघणाऱ्या बोर्डाचा कोरडेपणा एक टक्का वाढला, तर ड्रायरची वाफ साधारण ४ टक्के वाचते. प्रेसमधलं फेल्ट (पाणी शोषणारा कापडी पट्टा) दबलं असेल तर ते बदलायला भांड. मग स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह. कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) टाकीवर सतत वाफेचा लोट दिसला, तर कुठला तरी ट्रॅप उघडा अडकलाय असं समज आणि एकेक तपासत जा.

ईटीपीतला (सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला) मिथेनही मोज. पकडला तर तो बॉयलरमध्येच जाळता येतो.