घरात तीन भाषा आणि मूल गप्प

"मॅडम, घरात भाषा फार झाल्या, म्हणून हा बोलत नसेल का?"

या प्रश्नाचं उत्तर मी इतक्यांदा दिलं आहे की ते एकदा नीट लिहूनच काढावं असं वाटलं. समुपदेशन हे माझं मुख्य काम. त्याखेरीज आठवड्यातल्या दोन सकाळी मी पुण्यातल्या काही बालवाड्यांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांची भाषा आणि वाचनाआधीची तयारी तपासते. मुलाला काय समजतं, काय सांगता येतं, गोष्ट ऐकताना ते कुठे अडतं, पुस्तक सुलटं धरतं का, हे बघायचं. वाकड, हिंजवडी, खराडी या बाजूला एकाच भाषेचं घर आता शोधावं लागतं. आई मराठी, बाबा तेलुगू. आई मल्याळी, बाबा बंगाली. सांभाळणाऱ्या मावशी लातूरच्या आणि शाळा इंग्रजी. मग दिवाळीच्या आत शाळेतून निरोप येतो, 'मूल वर्गात बोलत नाही, घरी इंग्रजीतच बोला.' आणि आईबाबा एका रात्रीत घराची भाषा बदलून टाकतात.

असाच एक सव्वाचार वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. त्याचं नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. त्याची आजी त्याला लाडाने 'पुट्टा' म्हणते, कन्नडमध्ये पुट्टा म्हणजे छोटुकला. मीही तेच म्हणते. आई कराडची, बाबा धारवाडचे. बाबांची आई, म्हणजे अज्जी, पुट्टाच्या जन्मापासून त्यांच्याकडेच. शाळेचा निरोप ऑगस्टमध्ये आला. तेव्हापासून घरात फक्त इंग्रजी. तीन महिन्यांनी मूल बोलायला लागायचं सोडून आणखीच मिटलं होतं. शाळेच्या दुसऱ्या चिठ्ठीत 'स्पीच डिले' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह होतं.

मी आधी विचारलं, "कान तपासलेत?"

दोघंही चमकले. पण त्याशिवाय मी पुढे जातच नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधीकधी पाणी साचतं आणि मुलाला सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. घरच्यांना पत्ता नसतो. पुट्टाचे कान ठणठणीत निघाले.

मग मी दुसरं विचारलं. "घरी इंग्रजीत त्याच्याशी काय काय बोलता? कालचं सांगा."

आईने आठवून आठवून सांगितलं. कम हिअर. सिट. फिनिश इट. डोंट टच. नो. सांगता सांगता ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मला इंग्रजीत रागावता येतं, लाड करता येत नाहीत."

हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी पालकांना सांगितलं आहे. बाबा खाली बघत म्हणाले, "आईलाही सांगून ठेवलंय, थोडे दिवस त्याच्याशी कन्नड बोलू नकोस. तिला तर दुसरं काही येतच नाही." म्हणजे त्या घरात एक नाही, दोन माणसं गप्प होती.

पुढच्या वेळी मी चित्रं घेऊन बसले. चाळीस चित्रं. हे काम करायला लागले तेव्हा मीही एकाच भाषेचा तक्ता भरत असे. आता तीन रकाने आखते. इंग्रजीत त्याला चौदा नावं आली, मराठीत तेवीस, कन्नडमध्ये एकवीस. कुठल्याही एका रकान्याकडे बघितलं तर मूल मागे वाटेल. पण चमचा, पाल, कुलूप, आरसा यांतलं काय काय त्याला कुठल्या ना कुठल्या भाषेत माहीत आहे हे मोजलं, तर चाळिसातली सदतीस! शब्द त्याच्याकडे भरपूर होते, फक्त ते तीन डब्यांत वाटलेले होते आणि शाळा एकच डबा उघडून बघत होती. बहुतेक भाषाचाचण्या एकच भाषा बोलणाऱ्या मुलांवरून बेतलेल्या असतात. त्या मापाने बहुभाषी मूल मोजलं की ते खुजंच दिसणार.

त्याचं मिसळून बोलणंही आईला खटकत होतं. ती म्हणाली, "हा सगळी खिचडी करतो. काल म्हणाला, अज्जीने हालु सांडलं." हालु म्हणजे दूध. मी तिला म्हटलं, शेवटचा शब्द परत ऐका. सांडलं. त्याने कन्नड शब्दाला आपल्या 'दूध'चं नपुंसकलिंग दिलं आणि क्रियापद बरोबर जुळवलं. गोंधळलेलं मूल असं बोलत नाही. हातात असलेला शब्द घेऊन त्याने वाक्य मराठीच्या नियमाने पुरं केलं. मिसळणं हा दोष नाही, आपण मोठेही दिवसभर तेच करतो.

तिसऱ्या भेटीला मी अज्जींना बोलावलं. त्या संकोचून दाराशीच उभ्या होत्या. बाबांच्या मदतीने मी सांगितलं, "अज्जी, त्याला तुमची नेहमीची गोष्ट सांगा, कन्नडमध्येच." त्यांनी मुलाकडे बघितलं, म्हणजे पुट्टाच्या बाबांकडे, परवानगी विचारल्यासारखं. बाबांनी मान हलवली. मग त्या जमिनीवर बसल्या, पुट्टा आपणहून त्यांच्या मांडीत जाऊन बसला आणि कागक्का-गुब्बक्काची गोष्ट सुरू झाली. आपली काऊ-चिऊचीच गोष्ट ती. पाऊस पडतो, कावळ्याचं घर वाहून जातं आणि तो चिमणीच्या दाराशी येतो. "गुब्बक्का, गुब्बक्का, बागिला तेगी," अज्जी म्हणाल्या आणि पुट्टाने हवेत दार वाजवलं.

गोष्ट संपल्यावर मी त्याला म्हटलं, "मला कन्नड येत नाही रे. पण गोष्ट कळली. चिमणीचं घर मेणाचं होतं ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही बोलले नाही. अशा वेळी मोठ्या माणसाचा जीव कासावीस होतो, पटकन दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो. आई पुढे सरकली तेव्हा मी तिला हाताने थांबवलं. अर्धा मिनिट तरी गेला असेल.

"नाही," तो म्हणाला. "दगडाचं."

"दगडाचं? मला तर मेणाचं माहितीये."

"ते मावशीच्या गोष्टीत! अज्जीच्या गोष्टीत दगडाचं. म्हणून पावसात पडलं नाही. आणि कावळ्याचं पडलं, मग तो भिजला, मग तो म्हणाला दार उघड, पण ती आधी बाळाला आंघोळ घालत होती ना, म्हणून उघडलंच नाही!"

आईने तोंडावर हात धरला. ज्या मुलाला वर्गात तीन शब्द बोलता येत नाहीत अशी तक्रार होती, त्याने एका भाषेत ऐकलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगितली. आधी काय, मग काय, कशामुळे काय, सगळं क्रमाने. शिवाय दोन घरांच्या दोन गोष्टी ताडून माझी चूक दुरुस्त केली. त्या 'म्हणून'साठी मी हे काम करते. मुलाच्या तोंडून पहिल्यांदा 'म्हणून' येतं तेव्हा पुढच्या सगळ्या वाचनाचा पाया मला दिसतो.

जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ च्या सुमारास मांडलेला एक विचार मला फार पटतो. भाषा वरून वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या तळाशी समज एकच असते. कार्यकारणभाव, गोष्टीचा घाट, शब्दाचे तुकडे पाडण्याची जाण या गोष्टी एका भाषेत पक्क्या झाल्या की दुसरीत पुन्हा शून्यापासून शिकाव्या लागत नाहीत. पुट्टाकडून मी टाळ्या वाजवून घेतल्या. टो-मॅ-टो, तीन टाळ्या. कागक्का, तीन. भाषा बदलली तरी टाळी चुकली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा बिया, पानं, शिंपले अशी मुलांच्या भोवतीचीच साधनं घेतली. साधनं घरची चालतात, मग भाषा घरची का नको?

मी आईबाबांना सांगितलं ते असं. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, तीच त्याच्याशी बोला. आईने मराठी, बाबांनी आणि अज्जींनी कन्नड. इंग्रजी शाळेत मिळेल, आणि घरच्या भाषेवर उभी राहून मिळेल. तो मिसळून बोलला तर टोकू नका, 'इंग्लिशमध्ये सांग' असं तर मुळीच म्हणू नका. त्याचंच वाक्य थोडं वाढवून परत द्या. "हालु सांडलं? हो रे, सगळं दूध ओट्यावर सांडलं." रोज एक गोष्ट, तीच ती पुन्हा मागितली तरी. वाचताना ओळीखालून बोट फिरवा. वाण्याची यादी त्याच्यासमोर, मोठ्याने म्हणत लिहा. पाहुण्यांसमोर शब्दांची परीक्षा घेऊ नका.

शाळेशी मी वेगळं बोलले. नव्या भाषेत मूल काही आठवडे, कधी काही महिने नुसतं ऐकत राहतं आणि ते नैसर्गिक आहे, हे बाईंना सांगितलं. तोवर त्याला बोट दाखवून, मान हलवून उत्तर देऊ द्या. शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं. माध्यम बदलणं बाईंच्या हातात नाही, पण सकाळी त्याला 'बा पुट्टा' म्हणून आत बोलावणं होतं. त्यांनी ते केलं, याचं मला फार अप्रूप आहे.

एक मात्र बजावते. 'भाषा जास्त आहेत, येईल बोलायला' म्हणून प्रत्येक वेळी थांबायचं नाही. बहुभाषी घरामुळे वाचादोष होत नाही, तसा बहुभाषी मुलाला तो होऊच शकत नाही असंही नाही. दोन वर्षांचं मूल कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, येत असलेले शब्द गमावत असेल, तर वाट न बघता वाचाउपचार तज्ज्ञांकडे जा. कसोटी एकच, अडचण सगळ्या भाषांत आहे की फक्त नव्या भाषेत?

फेब्रुवारीत पुट्टा परत आला तो घडी घातलेला कागद घेऊन. आत चिमणीचं दगडी घर काढलेलं. "इथे गुब्बक्का लिही," त्याने मला सांगितलं. मी देवनागरीत लिहिलं. मग त्याने कागद अज्जींकडे दिला. त्यांनी कन्नडमध्ये सावकाश लिहिलं, हात किंचित थरथरत होता.

पुट्टाने दोन्ही ओळी नीट बघितल्या. "तुझी अक्षरं दोरीला टांगलेली आहेत," तो मला म्हणाला, "आणि अज्जीची लाडूसारखी."

मग खालची रिकामी जागा बोटाने दाखवली. "इथे टीचर लिहिणार आहे."